संसदेच्या दारातील चित्र कोणाचे?

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या संसद भवनासमोर १९६ चौरस मीटरचे एक मोझेक आहे. ग्रॅनाइटचे सुमारे ९० हजार तुकडे हाताने घडवून ते साकारण्यात आले. १९८८ साली भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून ते तेथे आहे. त्याचे मूळ चित्र वार्लपिरी समाजातील चित्रकार मायकेल नेल्सन जगमारा (निधन २०२०) यांचे. कांगारू, वॉलाबी आणि घोरपड यांचे आदिपूर्वज विधीसाठी एकत्र जमत आहेत, असा त्याचा विषय. संसदेच्या दारी सभेचेच चित्र, हे औचित्य खरेच.

मात्र असे चित्र कोणीही मनात येईल तेव्हा काढावे, अशी मुभा आदिवासी परंपरेत नाही. ज्या स्थळाची कथा, त्या स्थळाच्या परंपरागत स्वामींचा तिच्यावर अधिकार. वार्लपिरींमध्ये हा हक्क पित्याकडून मिळालेल्यांना ‘किर्दा’, तर आईकडून नाते सांगणाऱ्यांना ‘कुर्दुंगुर्लु’ म्हणतात. किर्दाने विधी वा चित्र सिद्ध करावे आणि त्यात चूक होऊ नये म्हणून कुर्दुंगुर्लुने देखरेख ठेवावी, अशी ही व्यवस्था. चित्रकार हा कथेचा मालक नव्हे, विश्वस्त. नॉर्दर्न टेरिटरीच्या १९७६ च्या भूमिहक्क कायद्यानेही ‘परंपरागत स्वामी’ ठरविताना पवित्र स्थळांविषयीची आध्यात्मिक जबाबदारी हा निकष मानला.

कॉपीराइटचा कायदा मात्र एकट्या कलावंतालाच ओळखत होता. १९८८ च्या दहा डॉलरच्या नोटेवर टेरी युंबुलुल यांच्या ‘मॉर्निंग स्टार’ स्तंभाची प्रतिमा छापली गेली. स्तंभ घडविण्याचा अधिकार त्यांना गालपू कुळाने दिला होता; तो नोटेवर छापण्यास समाजाचा आक्षेप होता. १९९१ मध्ये युंबुलुल दावा हरले, तरी सामूहिक हक्कांना कायद्यात पुरेसे स्थान नसल्याचे न्यायालयाने मान्य केले. कलावंताने कुळाशी विश्वस्ताच्या नात्याने वागणे बंधनकारक असल्याचा निर्वाळा पुढे १९९८ च्या बुलुन बुलुन खटल्यात मिळाला.

त्याआधीच जगमारा यांनी आपला अधिकार वेगळ्या रीतीने बजावला होता. १९९२ च्या माबो निकालानंतर भूमिहक्कांबाबत सरकारने घेतलेल्या भूमिकेच्या निषेधार्थ १९९३ मध्ये ते संसदेसमोर आले आणि हातोडी-छिन्नीने त्यांनी मोझेकमधील एक दगड उपटून काढला.