लंडनच्या पहाटगाड्या आणि दोन पेनींचे तिकीट

लंडनच्या भुयारी रेल्वेचा इतिहास सांगताना बोगदे आणि यंत्रे यांचे वर्णन बहुधा सविस्तर येते. परंतु या शहरात कोणी कोठे राहावे, हे बोगद्यांपेक्षाही तिकिटाच्या किमतीने अधिक ठरवले. 1829 साली जॉर्ज शिलिबियर यांनी पॅडिंग्टन ते बँक या मार्गावर ‘ऑम्निबस’, म्हणजे ठरलेल्या वाटेने धावणारी आणि कोणालाही चढता येईल अशी तीन घोड्यांची गाडी, सुरू केली, तेव्हा पूर्ण प्रवासाचे भाडे एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी होते. मजुराला ते परवडणे शक्यच नसल्याने तो कामाच्या जागेपासून पायी जाता येईल इतक्याच अंतरावर, मिळेल त्या खोलीत, दाटीवाटीने राहत असे.

ही कोंडी फोडण्यासाठी लंडन सिटीच्या महापालिकेचे विधी अधिकारी चार्ल्स पिअर्सन यांनी 1840 च्या दशकापासून भुयारी रेल्वेचा पाठपुरावा केला. 10 जानेवारी 1863 रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुमारे सहा किलोमीटरची मेट्रोपॉलिटन रेल्वे सुरू झाली, पण तो दिवस पाहायला पिअर्सन उरले नव्हते. चारच महिन्यांपूर्वी त्यांचे निधन झाले होते. रस्ता उकरून खंदक खणायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभारून वर कमान घालायची आणि रस्ता पुन्हा बुजवायचा, अशी तिची बांधणी होती. डब्यांचे तीन वर्ग होते, आत गॅसचे दिवे जळत आणि पुढे वाफेचे इंजिन धूर ओकत असे. पुढच्याच वर्षी पहाटेच्या कामगार-गाड्यांत तीन पेनींत जाऊन-येऊन प्रवासाची सोय झाली. दुःखाची बाब ही की फॅरिंग्डनच्या बाजूला रेल्वेसाठी जी घरे पाडली गेली, ती बहुतांशी गरिबांचीच होती.

घरे पाडण्याचा हा मोबदला कायद्याने वसूल करण्याचा ठळक प्रयत्न जमिनीवरच्या ग्रेट ईस्टर्न रेल्वेबाबत झाला. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकापर्यंत मार्ग वाढवण्याची परवानगी देताना संसदेने 1864 मध्ये अट घातली की, एडमंटन आणि वॉल्थमस्टो येथून कामगारांना जाण्या-येण्यासाठी मिळून दोनच पेनी आकाराव्यात. एडमंटन तेथून बारा-तेरा किलोमीटर दूर असल्याने हे भाडे नाममात्रच होते. परिणामी या भागांतील सधन रहिवासी हळूहळू निघून गेले आणि त्यांच्या बागबगीच्यांच्या जागी एकमेकांना चिकटलेल्या लहान घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. 1883 च्या चीप ट्रेन्स ॲक्टने, म्हणजे स्वस्त गाड्यांच्या कायद्याने, मैलाला एक पेनीपर्यंतच्या भाड्यावरील प्रवासी कर माफ केला आणि त्या बदल्यात कामगार-गाड्या चालवायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला.

तरीही स्वस्ताईची किंमत झोपेने मोजावी लागे. सवलत पहाटेच्या गाड्यांनाच असल्याने, ज्यांचे काम बरेच उशिरा सुरू होई, अशा शिवणकाम किंवा बांधणीकाम करणाऱ्या मुलींना शहरात उतरल्यावर कारखान्याचे दार उघडेपर्यंत थंडीपावसात रस्त्यावर ताटकळावे लागे. लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या लंडन वॉल रस्त्यावरील ऑल हॅलोज चर्चने अशा वेळी त्यांना आत बसू दिले. सवलत देणाऱ्या कायद्याला जे सुचले नाही, ते एका चर्चने ओळखले, ही गोष्ट इतिहासात नोंदवलीच पाहिजे.

1900 साली शेफर्ड्स बुश ते बँक या मार्गावर विजेवर चालणारी सेंट्रल लंडन रेल्वे खोल बोगद्यातून धावू लागली. तिच्यात वर्गभेद नव्हता; कितीही स्थानके जा, भाडे सरसकट दोन पेनी, म्हणून लोक तिला ‘टपेनी ट्यूब’ म्हणत. ते दोन पेनी दिवसाच्या कोणत्याही वेळी चालत. वॉल्थमस्टोच्या मजुराला मात्र आपल्या दोन पेनींच्या तिकिटासाठी अंधारातच घर सोडावे लागत होते.