वस्तरा, रोशा आणि ऋतूंचे वास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. दप्तरांत धान्याचे भाव सापडतात, साऱ्याचे आकडे सापडतात. वास मात्र कोणत्याच दप्तरात सापडत नाही. पण माणूस रोज सकाळी ज्या वासात जागा होतो, तोंड धुतो, दाढी करतो, तो त्याच्या जगण्याचा भाग नव्हे काय? म्हणून आज मी दाढीसारखा अगदी साधा विषय घेतला आहे. दाढीच्या वेळी नाकाला जे सुख मिळते, ते कुठून आले, ऋतूंप्रमाणे कसे बदलत गेले आणि कोणाच्या वाट्याला आले, एवढेच आपण पाहू.

सुरुवात जुन्या ग्रंथांपासून करू. चरकसंहितेत केस, दाढी आणि नखे पंधरवड्यातून तीनदा काढावीत असा नियम आहे. वात्स्यायनाने नागरकाची, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू माणसाची दिनचर्या दिली आहे. त्याने रोज स्नान करावे, एक दिवसाआड अंग चोळून घ्यावे, तिसऱ्या दिवशी फेनक लावावे आणि चौथ्या दिवशी श्मश्रू करावी. फेनक म्हणजे फेस देणारे द्रव्य. तेव्हा फेस आपल्याला साहेबाने शिकवला असे समजायचे कारण नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात अंगाला लावायच्या उट्यांचा, म्हणजे विलेपनांचा, स्वतंत्र विचार आहे. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात ऊब देणारी द्रव्ये निवडावीत, हे त्यामागचे तत्त्व. आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी सुगंधविद्येवरच्या 'गंधवाद' नावाच्या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्या ग्रंथावरची टीका चक्क मराठीत आहे! अत्तरे आणि धूप करण्याची ही विद्या कधीकाळी आपल्या भाषेत शिकवली जात होती, असा याचा अर्थ.

हे झाले राजेरजवाड्यांचे. आता आपल्या वऱ्हाडातल्या खेड्यात येऊ. येथे हजामत करणारा गावाचा बलुतेदार. त्याला कोणी न्हावी म्हणत, कोणी वारीक. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, वाटी, आरसा, तुरटीचा खडा आणि धार लावायचा चामड्याचा पट्टा. साबणाचे नाव नाही. गालावर पाणी लावून तो बोटांनी इतके चोळायचा की केस आपोआप मऊ पडत. 'बिनपाण्याने हजामत करणे' या आपल्या वाक्प्रचाराचे मर्म इथे आहे. पाणी जिरवण्यात ज्याने कसर केली, त्याच्या हाताखालच्या गिऱ्हाइकाचे हाल कुत्रा खाईना.

आता असे पाहा. हत्यारे न्हाव्याची, पण पाणी आणि तेल बहुधा ज्याची दाढी त्याच्या घरचे. त्यामुळे दाढीचा वास दुकानाचा नसे, घराचा आणि ऋतूचा असे. चैत्रात कडुनिंब फुललेला, रानात मोह टपटप पडतो आहे. दाढी निंबाच्या सावलीत व्हायची, आणि तो गोडसर, किंचित कडवट वास हजामतीबरोबर फुकट मिळायचा. वैशाखात यवतमाळची उन्हे कशी असतात ते तुम्हांला सांगायला नको. तेव्हा माठात वाळ्याच्या मुळ्या टाकलेल्या असत. ते पाणी वाटीत आले की गालाला आधी गारवा लागे आणि मागून वाळ्याचा वास येई. मृगाचा पहिला पाऊस झाला की मातीच्या वासापुढे बाकी सगळे फिके. श्रावणात तर अनेक घरी वस्तरा लावायचाच नाही असा रिवाज. श्रावणाच्या शेवटी पोळा, त्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी. हळद आणि तूप लावून बैलांचे खांदे चोळलेले तेच हात, आणि श्रावण सरला की महिन्याची वाढलेली दाढी उतरवण्यासाठी वारकाकडे लागलेली रांग. दिवाळीला उटणे यायचे. आंबेहळद, नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा आणि संत्र्याची वाळवलेली साल. आणि थंडीत वस्तऱ्याने कोरड्या पडलेल्या गालावर तिळाच्या तेलाचे बोट फिरायचे. ही सारी द्रव्ये रानातली, शिवारातली, नाही तर आठवडी बाजारातली.

याच रानात आणखी एक वास होता आणि त्याने फार लांबचा प्रवास केला. रोशा गवत तुम्ही पाहिले असेल. कोरड्या, उघड्या डोंगरउतारावर ते वाढते; पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात आणि पान चुरगाळले की बोटांना गुलाबासारखा वास लागतो. वऱ्हाड, खानदेश, निमाड हे या गवताचे माहेरघर. शास्त्रज्ञांनी त्याला जे नाव दिले, त्यात क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनापतीची आठवण आहे. टिपूवरच्या स्वारीत त्याने याचे बी गोळा केले आणि लखनौला नेऊन लावले. गवताच्या दोन जाती. मोतिया उतारावरचा, गुलाबी वासाचा. सोफिया ओलसर जागेतला, थोडा उग्र.

तेल काढण्याची रीत साधी, पण कष्टाची. हिवाळ्याच्या तोंडी गवत कापायचे, नाल्याकाठी दगडांच्या चुलीवर मोठे भांडे मांडायचे, त्यात गवत आणि पाणी भरून तोंड लिंपून टाकायचे. वाफ बांबूच्या नळीतून नाल्यात बुडवलेल्या भांड्यात उतरे, थंड होई आणि पाण्यावर तेल तरंगे. ते तेल व्यापाऱ्यांमार्फत मुंबईला आणि तिथून तुर्कस्तानला जाई. तिथे ते उन्हात ठेवून निवळवत, आणि बल्गेरियाच्या महाग गुलाबतेलात त्याची भेसळ करीत! युरोपच्या बाजारात त्याला 'तुर्की जिरेनियम' असे नाव पडले. म्हणजे माल आपल्या डोंगरातला आणि नाव तुर्कांचे. पुढे रसायनशास्त्र वाढले, तेव्हा कळले की या तेलात जिरेनिऑल नावाचे द्रव्य बहुतांश असते आणि साबणाच्या क्षारातही त्याचा वास टिकतो. मग काय, गुलाबाच्या वासाचे साबण करणाऱ्यांना ते हवेच होते. गवत कापणाऱ्या मजुराच्या गालाला मात्र तो साबण कित्येक वर्षे लागला नाही.

साबण आपल्याकडे कसा आला? 1888 च्या सुमारास लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. 1918 नंतर अर्देशीर गोदरेज यांनी जनावरांच्या चरबीऐवजी वनस्पतींच्या तेलाचा साबण बाजारात आणला. शाकाहारी घरांत साबणाला दार उघडले ते त्यामुळे. तिकडे अमेरिकेत जिलेट याने 1903 मध्ये बदलत्या पात्याचा सुरक्षित वस्तरा विकायला काढला आणि पहिल्या महायुद्धात तो लाखो सैनिकांच्या हाती पडला. यवतमाळला मूर्तिजापूरहून छोटी रेल्वे आली. ती आली कापसासाठी, पण परतीच्या डब्यांतून शहरी माल येणारच. हळूहळू तालुक्याच्या गावी 'केशकर्तनालय' अशा पाट्या लागल्या. वाटीतल्या पाण्याची जागा ब्रशने आणि फेसाने घेतली. आणि वास? तो बाराही महिने एकच झाला.

इथे कुणी म्हणेल, जुने ते किती गोड होते! पण इतिहासाच्या माणसाने एवढ्यावर थांबू नये. त्या निंबाच्या सावलीत बसायचा हक्क सर्वांना नव्हता. अस्पृश्य मानलेल्यांच्या गालाला गावचा न्हावी वस्तरा लावत नसे. आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या विधवेच्या डोक्यावरून तोच वस्तरा फिरे. फूल, अत्तर, कुंकू, सारे तिला वर्ज्य. ऋतू सर्वांवर सारखाच येतो, पण त्याचा वास घ्यायची परवानगी माणसांनी वाटून टाकली होती. 1890 साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. सुधारणेच्या इतिहासात या घटनेला मोठे मोल आहे. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. पेठेतल्या पात्याने आणि साबणाच्या वडीनेही आपल्यापरीने हेच काम केले. पैसे टाकले की वडी मिळते. ती जात विचारत नाही. खळ्यावरच्या ज्वारीच्या आशेवर वर्षभर राबणाऱ्या वारकालाही रोख मजुरीने थोडी मोकळीक दिली.

तेव्हा हिशेब असा आहे. आपण ऋतूंचा वास गमावला आणि त्या बदल्यात बरोबरीचा वाटा मिळवला. हा सौदा तोट्याचा आहे असे मी म्हणणार नाही. पण आता वाटा सर्वांचा झालाच आहे, तर वास परत आणायला हरकत कसली? वाळा आजही बाजारात मिळतो, आंबेहळद मिळते, संत्र्याची साल तर आपण फेकूनच देतो. माझ्या विद्यार्थी मित्रांना एवढेच सुचवीन की, आपापल्या गावातल्या वयोवृद्ध कारागिरांकडे जाऊन बसा. धोकटीत काय काय असे, कोणत्या महिन्यात काय लावीत, रोशाची भट्टी कोणत्या नाल्यावर लागे, हे विचारा आणि लिहून ठेवा. दप्तरात हे मिळणार नाही. ते फक्त त्या माणसांजवळ आहे.