प्रमुख संशोधक

(पीआय). विद्यापीठात बाहेरच्या निधीवर चालणाऱ्या संशोधन प्रकल्पाची शास्त्रीय व आर्थिक जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती. १९७४ च्या संसदीय कायद्याने स्थापन झालेले हैदराबाद विद्यापीठ, तसेच १९१८ मधील उस्मानिया विद्यापीठ यांसारख्या संस्थांत प्रकल्प-निधी मुख्यतः केंद्रीय विज्ञान विभाग, सीएसआयआर, आयसीएसएसआर आदी संशोधन परिषदांकडून येतो. २००८ च्या कायद्याने आलेल्या एसईआरबी या संशोधन-निधी देणाऱ्या मंडळाची जागा २०२३ च्या कायद्यानुसार अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली.

पात्रता : हे पद सामान्यतः नियमित सेवेतील अध्यापक वा शास्त्रज्ञाकडे असते, नेमके निकष योजनेनुसार बदलतात. केंद्रीय विद्यापीठांतील अध्यापक ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यामुळे निवृत्ती जवळ आलेल्यांच्या प्रकल्पात सेवेतील सहसंशोधक घेण्याची पद्धत आहे. रामानुजन व इन्स्पायर फॅकल्टी योजनांतील संशोधक कायम पदाविनाही स्वतंत्र काम करतात. संशोधक विद्यार्थी व प्रकल्प-साहाय्यक मात्र सहसा अपात्र ठरतात.

कार्यपद्धती : प्रस्तावासोबत संस्थाप्रमुखाचे संमतिपत्र लागते. अनुदान व्यक्तीच्या नव्हे, विद्यापीठाच्या खात्यात जमा होते. रसायनाच्या एका बाटलीच्या मागणीपत्रावरही प्रमुख संशोधकाची सही असते. बिल मात्र वित्त विभाग चुकते करतो. वर्षअखेरीस खर्चाचा हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते रखडल्यास पुढचा हप्ता अडतो.