चहाच्या दुकानातून विद्यापीठात : एका पदव्युत्तर विषयाची कूळकथा



आज आपण ज्या विषयाचा इतिहास पाहणार आहोत, तो एरवी इतिहासाच्या व्याख्यानात येत नाही. संस्थांमधल्या माहिती प्रणालींचं आणि तंत्रज्ञानाचं व्यवस्थापन, हा तो विषय. पुण्यात एके काळी एमसीएम ही पदवी घराघरात माहीत होती. मास्टर इन कॉम्प्युटर मॅनेजमेंट. शेजारीपाजारी म्हणायचे, ‘मुलगा कॉम्प्युटर करतोय.’ मॅनेजमेंटचा उल्लेख कुणी करत नसे. पण पदवीच्या नावात तो शब्द होता, आणि तो का होता हे समजून घ्यायचं तर आपल्याला थोडं मागे, लंडनच्या चहाच्या दुकानांत जावं लागेल.

जे. लायन्स आणि कंपनी ही तिथली खानपानाची मोठी पेढी. शहरभर चहाची दुकानं, आणि त्यांना पाव, केक, पाय पुरवणारा कॅडबी हॉल इथला अवाढव्य कारखाना. धंदा मोठा, पण एकेका कपामागे सुटणारा नफा पेनीच्या अंशात. त्यामुळे पै-पैचा हिशोब ठेवणं भाग होतं, आणि त्यासाठी कारकुनांची फौज लागायची. या कचेरीची सूत्रं जॉन सिमन्स या गृहस्थांच्या हाती होती. आपल्या रँग्लर परांजप्यांसारखे हेही केंब्रिजचे रँग्लर. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी कंपनीत एक छोटा संशोधन विभाग उघडला. काम एकच : आपल्या कचेरीत कोणता कागद कुठून येतो, कुठे जातो, आणि तो मुळात हवा कशाला, हे तपासणं. संगणक तेव्हा कुठे होता? नव्हताच.

१९४७ साली लायन्सची दोन माणसं, थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड, कचेरीतल्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेला गेली. तिथे त्यांना कळलं की असं गणनयंत्र खुद्द केंब्रिजमध्येच तयार होतंय. मग लायन्सने केंब्रिजच्या त्या प्रकल्पाला ३,००० पौंड दिले, आपला एक माणूस दिला, आणि पुढे स्वतःचं यंत्र बांधलं. त्याचं नाव लिओ. नोव्हेंबर १९५१मध्ये त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचं काम नियमितपणे सुरू झालं. धंद्याच्या रोजच्या कामासाठी संगणक वापरला जाण्याची ती सुरुवात मानतात.

आता इथे जरा थांबू. लिओच्या कामांपैकी आपल्या दृष्टीने सर्वांत बोलकं आहे ते दुकानांच्या मागणीचं. प्रत्येक दुकानाची वाराप्रमाणे एक ठरलेली मागणी यंत्राला आधीच दिलेली असे. दुकानाची व्यवस्थापिका रोज फोन करून फक्त बदल सांगायची : अमुक जास्त, तमुक कमी. पलीकडची मुलगी ते ऐकता ऐकताच कार्डावर पंच करायची. मग कारखान्याने काय पाठवायचं, ते यंत्र काढून द्यायचं. या रचनेत एक मोठा विचार दडलेला आहे. उद्या काय खपेल हे त्या बाईला माहीत आहे, यंत्राला नाही, हे आधीच मान्य केलेलं होतं. तिच्या शब्दाला व्यवस्थेत जागा राखून ठेवलेली होती. दुसरं असं की, यंत्रावर डोळे झाकून विश्वास टाकायचा नाही हीही रीत होती. पगारपत्रकं आधी जुन्या पद्धतीच्या पगारपत्रकांशी ताडून पाहिली, आणि मगच यंत्राचा पगार खरा धरला.

म्हणजे दोन प्रकारचं ज्ञान लागत होतं. एक यंत्राचं आणि दुसरं कामाचं. एका माणसात ही दोन्ही सहसा सापडत नाहीत. डेव्हिड कॅमिनर यांच्या हाताखाली लिओमध्ये अशी माणसं मुद्दाम घडवली गेली. पण देशभर संगणक पसरायला लागल्यावर ती आणायची कुठून? विद्यापीठाची गरज पडली ती इथे.

फ्रँक लँड हे त्या घडवलेल्यांपैकी एक. बर्लिनमध्ये जन्मलेले, लहानपणी इंग्लंडला आलेले, लायन्सच्या कचेरीतून लिओकडे गेलेले. १९६७ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, ते प्रणाली विश्लेषणाचं अध्यापन आणि संशोधन उभं करण्यासाठी. जागा लक्षात घ्या. ही अभियांत्रिकीची शाळा नाही, समाजशास्त्रांची आहे. पुढच्याच वर्षी, १९६८मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयात डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि तो व्यवस्थापनाच्या शाळेत. डेव्हिस मूळचे हिशेबशास्त्राचे. मँचेस्टरला एनिड ममफर्ड होत्या. त्यांनी आधी गोदी कामगार आणि खाणकामगार यांच्यात राहून अभ्यास केला होता. ज्याचं काम बदलणार आहे, त्याला त्या बदलाच्या आखणीत बसवलंच पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं.

आणि आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना थोडा अभिमान वाटावा अशी गोष्ट : या विषयाला धारदार प्रश्न विचारणारे दोघे, रसेल अॅकॉफ आणि वेस्ट चर्चमन, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर होते. अॅकॉफने १९६७ साली लिहिलं की व्यवस्थापकाची अडचण माहिती कमी असण्यापेक्षा बिनकामाची माहिती फार असण्यात आहे. चर्चमनने १९७१च्या ग्रंथात लायब्निट्स, लॉक, कांट, हेगेल यांना या चर्चेत आणून बसवलं. त्याचा मुद्दा साधा होता. माहिती प्रणाली बांधणं म्हणजे ‘आपल्याला कळतं कसं?’ या प्रश्नाचं एक उत्तर बांधणं. आपल्या परंपरेत यालाच प्रमाणविचार म्हणतात.

आपल्याकडे या प्रश्नाने वेगळं रूप घेतलं. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हटल्यावर कर्मचारी संघटना रस्त्यावर आल्या. सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. यंत्र कसं चालतं यापेक्षा ते कुणाच्या पानातलं काढून घेतं, हा वाद होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रा. राजारामन यांच्या पुढाकाराने एमसीए आलं. व्यवस्थापन संस्थांमधून एमसीएम शिकवलं जाऊ लागलं. पुढे नोकऱ्यांचा पूर आला. त्या पुरात यंत्राची बाजू तरारली आणि कामाची बाजू, निदान वर्गात तरी, पाठांतराच्या नोट्सपुरती उरली, असं आपल्याला म्हणावं लागेल.

त्याने काय बिघडतं? याचं उत्तर पुन्हा लिओच्याच घराण्यात सापडतं. लिओची एक शाखा विद्यापीठात गेली, ती आपण पाहिली. दुसरी शाखा धंद्यात राहिली. १९६३मध्ये लिओ कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये गेली, १९६८च्या विलीनीकरणातून आयसीएल झाली, १९९०मध्ये तिचा मोठा हिस्सा फुजित्सूकडे गेला. याच आयसीएलने ब्रिटिश टपाल कार्यालयांसाठी होरायझन ही हिशोबाची प्रणाली केली. वंशावळ म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे खरं. पण तुलना टाळता येत नाही.

होरायझन १९९९पासून देशभर बसू लागली. गावोगावच्या उपडाकपालांच्या हिशोबात तुटी दिसायला लागल्या. त्यांनी मदतकेंद्राला फोन केले. अनेकांना सांगण्यात आलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. तूट भरून द्या, नाहीतर खटला. त्याच १९९९ साली इंग्लंडमध्ये पुराव्याच्या कायद्यातली एक अट काढली गेली. संगणकाचा पुरावा आणणाऱ्याने यंत्र नीट चालत होतं हे दाखवायचं, ही ती अट. आता यंत्र बरोबरच आहे असं धरून चालायचं आणि चूक दाखवायची जबाबदारी आरोपीवर. आरोपीच्या हाती काय, तर एक पडदा आणि एक कळफलक. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक माणसं दोषी ठरली. कुणी तुरुंगात गेलं, कुणाची घरं विकली गेली, आत्महत्या झाल्या. अखेर ५५५ जणांनी मिळून दावा लढवला, आणि डिसेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निर्णय दिला. २०२४मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

ते दोन फोन शेजारी ठेवून पाहा. १९५०च्या दशकात चहाच्या दुकानातल्या बाईचा फोन हा माहितीचा उगम होता. पन्नास वर्षांनी उपडाकपालाचा फोन ही तक्रार ठरली, आणि पुढे गुन्ह्याची कबुली टाळण्याची पळवाट. यंत्र कितीतरी पटींनी सुधारलं होतं. बिघडलं ते हे, की कामावरच्या माणसाचा शब्द व्यवस्थेत कुठे बसवायचा याचा विचार कुणी केला नव्हता.

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण अट घालतात : तो आप्ताचा हवा. ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. संगणकाने तिजोरीतली रोकड कधी पाहिलेली नसते. त्याला सांगितलेलं, आणि चुकीच्या आज्ञावलीने बदललेलं, तो परत सांगतो. त्याला आप्ताच्या आसनावर बसवायचं की नाही, हे माणसंच ठरवतात.

म्हणून या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास करणारे तुमच्यापैकी जे कुणी ऐकत असतील, त्यांना आपण एवढंच सांगू. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला प्रणाली काय काय करते हे तुम्ही सांगालच. त्याबरोबर हेही सांगता आलं पाहिजे की, काउंटरवरचा माणूस ‘हा आकडा चुकलाय’ म्हणाला, तर तुमच्या प्रणालीत त्याचं ऐकायला कोण बसलंय.