डेव्हिस, रेव्हरंड गॅरी

(३० एप्रिल १८९६–५ मे १९७२). अमेरिकन कृष्णवर्णीय गिटारवादक, गायक, रचनाकार, संगीतशिक्षक व बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील साउथ कॅरोलायना राज्यात लॉरेन्स येथे. आईला झालेल्या आठ अपत्यांपैकी प्रौढ वयापर्यंत जगलेले हे एकच. अगदी तान्हेपणीच त्याची दृष्टी गेली. आईकडून आबाळ होत असल्यामुळे वडिलांनी त्यास आपल्या आईच्या स्वाधीन केले व आजीनेच त्याला वाढविले. तो दहा वर्षांचा असताना वडील ॲलाबॅमा राज्यातील बर्मिंगहॅम येथे मारले गेले. तेथील शेरीफने त्यांना गोळी घातली, असे त्याच्या कानावर आले होते. गुलामगिरी कायद्याने संपून चाळीस वर्षे झाली, तरी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या जिवाची किंमत काय होती, हे या एका तपशिलावरून कळते.

वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास गिटार त्याच्या हाती आली. खेडेगावातील चर्चमधील स्तोत्रे, नृत्याच्या मेळाव्यांत वाजविली जाणारी बँजोची गीते, लष्करी कवायतीची संचलन-संगीते आणि पियानोवरील रॅगटाइम हे सारे त्याने कानांनी टिपले. (रॅगटाइममध्ये डावा हात ठेका समान अंतराने धरून ठेवतो व उजवा हात सुरावटीचे आघात त्या ठेक्याला चुकवून देतो.) स्पार्टनबर्गजवळच्या अंधशाळेत तो काही काळ होता, तेथे तो ब्रेल लिपी शिकला. ग्रीनव्हिल येथे एका तंतुवाद्यवृंदात त्याने वादन केले. अंध कृष्णवर्णीय तरुणाला त्या काळी दक्षिणेत उपजीविकेचे मार्ग मोजकेच होते : भिक्षा, धर्मोपदेश आणि रस्त्यावरील गायनवादन. डेव्हिसच्या आयुष्यात हे तिन्ही एकमेकांत मिसळून गेले.

१९२०–३० या दशकात तो नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम या तंबाखूच्या मोठ्या केंद्रात आला. कारखान्यांतील मजुरांच्या हाती पगार पडला, की वखारींच्या आसपास गाणारेवाजविणारे जमत. याच वर्तुळात ब्लाइंड बॉय फुलर हा पुढे बराच लोकप्रिय झालेला ब्लूज-गायक त्याच्याकडून गिटार शिकला. आग्नेय अमेरिकेतील या वादनपरंपरेस ‘पीडमाँट ब्लूज’ असे नाव पडले असून तिच्या जाणकारांत डेव्हिसचे स्थान फार वरचे मानले जाते. जे. बी. लाँग या स्थानिक दुकान-व्यवस्थापकाने जुलै १९३५ मध्ये फुलर, डेव्हिस व बुल सिटी रेड यांना ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कला नेले. तेथे डेव्हिसने प्रथम दोन ब्लूज-गीते गायिली. नंतर मात्र केवळ धार्मिक गीतेच गाण्याचा हट्ट धरला. ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात खप होता तो ब्लूजचा. मानधनावरूनही त्याचे लाँगशी पटले नाही. त्यानंतर दीर्घकाळ त्याचे वादन ध्वनिमुद्रिकांवर फारसे आले नाही. फुलरने मात्र १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत शंभरांहून अधिक गीते मुद्रित केली. गुरू अज्ञात आणि शिष्य ख्यातनाम असा हा उलटा प्रकार होय.

ब्लूजला ‘सैतानाचे संगीत’ म्हणून बाजूला सारणाऱ्या श्रद्धाळूंपैकी डेव्हिस होता. १९३०–४० या दशकात त्याने बॅप्टिस्ट उपदेशकाची दीक्षा घेतली व त्यानंतर ऐहिक गीते लोकांपुढे गाण्याचे बव्हंशी टाळले. परंतु ती तो विसरला नव्हता. केवळ वाद्यावर ती वाजविण्यास त्याची फारशी हरकत नसे. शब्द उच्चारण्यास मात्र तो नाखूष असे. शब्द पापाचा असू शकतो, सूर नव्हे, अशी त्याची धारणा असावी. १९६४ च्या, बहुतांशी वादनपर असलेल्या एका ध्वनिमुद्रिकेत ही जुनी बाजू ऐकावयास मिळते. उतारवयात हा निर्बंध बराच सैल झाला.

१९४३ मध्ये त्याने ॲनी या धर्मनिष्ठ स्त्रीशी विवाह केला व पुढच्या वर्षी हे दांपत्य न्यूयॉर्कला स्थलांतरित झाले. हार्लेमच्या रस्त्यांवर गिटार वाजवीत, उपदेश करीत त्याने पुढील सुमारे दीड दशक काढले. भाड्याच्या दुकानगाळ्यांत भरणाऱ्या लहान चर्चमधून तो प्रवचने देई. थंडीवाऱ्यात उभे राहणे, नाण्यांसाठी पेला पुढे करणे, प्रसंगी गिटारच चोरीस जाणे, असे हे जिणे होते. त्याच्या खड्या, घोगऱ्या आवाजाची घडण वाहनांच्या गोंगाटावर मात करण्याच्या या सवयीतून झाली असली पाहिजे.

डेव्हिसची वादनपद्धती हा अभ्यासकांच्या सततच्या कुतूहलाचा विषय आहे. तो उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांनी वाजवी. सामान्यतः अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो. डेव्हिसचा अंगठा मात्र मध्येच ठेका सोडून सुरावटीत शिरे, तर्जनीशी आलटूनपालटून द्रुत ताना घेई आणि पुन्हा मूळ जागी येई. डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेवरून वळवून तो खर्जाचे स्वर दाबी. त्यामुळे पियानोच्या दोन हातांचा किंवा लहानशा वाद्यवृंदाचा भास होई. गाताना शब्द अर्धवट सोडून उरलेली ओळ तो गिटारकडून वदवून घेई. गिटार हा त्याच्या गायनाचा साथीदार नव्हता, तो दुसरा गायकच होता.

१९५० नंतर लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ न्यूयॉर्कमध्ये जोर धरू लागली व अनेक तरुण त्याच्या घराचा पत्ता शोधीत आले. यांतील बहुतेक गौरवर्णीय, मध्यमवर्गीय घरांतील. डेव्ह व्हॅन राँक, स्टीफन ग्रॉसमन, डेव्हिड ब्रॉमबर्ग, रॉय बुक बाइंडर, बॉब वीर हे पुढे नावारूपास आलेले कलावंत त्याच्याकडे शिकले. पाच डॉलर शुल्काच्या शिकवणीला घड्याळाचे बंधन नसे. सकाळी आलेला विद्यार्थी बऱ्याचदा सायंकाळी परते. स्वरलिपीचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडील गुरुमुखातून घेतलेल्या तालमीप्रमाणे वाक्यामागून वाक्य ऐकून उचलावयाचे. गुरूला विद्यार्थ्याची बोटे दिसत नसत. चूक त्याला ऐकू येई. ग्रॉसमनने या शिकवणीचे ध्वनिफितींवर मुद्रण केले व पुढे त्यावरून पाठ्यपुस्तके तयार केली. कानाची विद्या अशा रीतीने कागदावर उतरली. यात तिचा काही अंश निसटला, हे खरे. पण या फिती नसत्या, तर आज हाती फारच थोडे उरले असते.

१९६० मध्ये मुद्रित झालेली हार्लेम स्ट्रीट सिंगर ही त्याची सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका समजली जाते. १९६२ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीने आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत त्याचे सॅमसनवरील गीत गायिले आणि तिचा प्रचंड खप झाला. स्वामित्वशुल्काच्या रकमेतून डेव्हिसने क्वीन्स भागात जमेका येथे घर घेतले. रस्त्यावरची मिळकत तेथे संपली. या गीताच्या कर्तृत्वाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. बायबलमधील शास्ते या ग्रंथातील कथेवर आधारलेले हे गीत ब्लाइंड विली जॉन्सन याने १९२७ मध्येच मुद्रित केले होते. तोंडी परंपरेत गीताचा ‘कर्ता’ हा शब्द फार अडचणीचा ठरतो, कारण प्रत्येक गायक त्यात आपली भर घालतो आणि कायदा मात्र एकच नाव मागतो. डेव्हिसने त्यास दिलेले गिटारवरील रूप निःसंशय त्याचे स्वतःचे आहे. ‘डेथ डोन्ट हॅव नो मर्सी’ ही मृत्यूच्या निर्दयतेविषयीची त्याची रचना याहून गंभीर असून ती ग्रेटफुल डेड व हॉट ट्यूना या रॉक-वृंदांनीही गायिली.

१९६४ मध्ये मडी वॉटर्स, सिस्टर रोझेटा थार्प इत्यादींसमवेत त्याने ब्रिटनचा दौरा केला. १९६५ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवातही त्याचे कार्यक्रम झाले. न्यू जर्सी राज्यातील हॅमंटन येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. न्यूयॉर्क राज्यात लिनब्रुक येथील रॉकव्हिल दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले.