प्रमाण कसे ठरते : संगणकावरील देवनागरीची वाटचाल

मुद्रणाच्या जगात अक्षराचे वळण कोणत्याही टाइपाचे असले तरी वाचकाची अडवणूक होत नसे. निर्णयसागरच्या टाइपातील ग्रंथ असो वा अन्य छापखान्याचा, कागदावर उमटलेला ‘क’ हा ‘क’च असे. संगणकाचे तसे नाही. त्याला अक्षर कळत नाही. कळतो तो अक्षराला दिलेला क्रमांक. एका यंत्रातील क्रमांक दुसऱ्याने मानला नाही, तर शुद्ध मराठी मजकुराची क्षणात निरर्थक चिन्हे होतात. म्हणूनच संगणकावरील देवनागरीच्या इतिहासात प्रश्न अक्षरसौंदर्याचा कमी व सर्वमान्यतेचा अधिक होता.

पहिला भरीव प्रयत्न भारतातच झाला. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झालेले हे कार्य १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मूलतः एकच आहे, हे ओळखून तिने देवनागरी, बंगाली, कन्नड इत्यादी लिप्यांतील ‘क’ला एकच क्रमांक दिला. रचना मोठी मार्मिक होती.

तरीही ती सर्वत्र रुळली नाही. तिच्यासाठी वेगळे कार्ड किंवा खास सॉफ्टवेअर लागे. बाजारातील सामान्य संगणकात ती अंगभूत नव्हती. छापखान्यांना हवे होते सुबक पान, आणि ते श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टसंचांनी दिले. अशा संचांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव आपापल्या क्रमाने बसवले. पान देखणे निघे; परंतु तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर वाचता येत नसे.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच आधारलेली होती. मात्र प्रत्येक लिपीला तिने स्वतंत्र जागा दिली. संगणकप्रणाली तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्याच तिच्यामागे उभ्या होत्या. विंडोज २००० मध्ये देवनागरी अंगभूत आली आणि पारडे फिरले. नाणे चालते ते केवळ धातूच्या कसावर नव्हे, तर समोरचा ते घेईल या भरवशावर, प्रमाणाचेही तसेच.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. मराठीच्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळण्यास २००८ साल उजाडले; तोवर पुष्कळ ठिकाणी ‘ऍ’वर भागवले जाई. ज्यांची भाषा, त्यांनी प्रमाण ठरविणाऱ्यांच्या दारी जागरूकपणे उभे राहावे लागते, हा त्यातील बोध.

ग्रंथालयांपुढे यातून एक कर्तव्य उभे राहते. जुन्या फॉन्टांत टंकलिखित झालेल्या ग्रंथसूची, स्मरणिका व अहवाल वेळीच युनिकोडमध्ये आणले नाहीत, तर वाळवीवाचूनही ग्रंथ नष्ट होऊ शकतो, याचा प्रत्यय पुढील पिढीस येईल.