हस्तनिर्मित नाताळपत्र : ठसे, डाय आणि शाई

हस्तनिर्मित नाताळपत्र : जाड कागदावर रबरी किंवा पॉलिमरचा ठसा उमटवून, पोलादी डायने आकार कापून आणि शाईच्या छटा चढवून घरी तयार केलेले नाताळचे शुभेच्छापत्र. हा छंद मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेत वाढला. तेथे त्याला लागणारे सामान बनवणारा स्वतंत्र उद्योग उभा आहे, आणि त्या उद्योगामुळेच या छंदावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चित्र ठसा बनवणाऱ्याचे, आकार डायच्या कारखान्याचा, शाई डबीतली. मग कार्ड करणाऱ्याने स्वतः केले ते काय? प्रस्तुत नोंदीची भूमिका अशी की, हा आक्षेप छपाईच्या इतिहासाकडे आणि प्रत्यक्ष कामाकडे नीट न पाहता घेतला जातो. नाताळपत्र जन्मापासून यंत्र आणि हात यांच्या भागीदारीतूनच बनत आले आहे. त्यातले हाताचे कसब कागद, शाई, दाब आणि क्रम यांच्या निवडीत असते. ती निवड चुकली की महागातले महाग सामानही कार्ड वाचवू शकत नाही.

आधी इतिहासाची साक्ष पाहू. इंग्लंडमध्ये 1840 साली पेनी पोस्ट सुरू झाले आणि पत्र पाठवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्या टपालसुधारणेच्या कामात असलेले हेन्री कोल यांनी 1843 मध्ये चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून नाताळचे कार्ड काढून घेतले. विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळपत्र म्हणून ते ओळखले जाते. मधल्या चौकटीत पेले उंचावणारे कुटुंब आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देण्याची दृश्ये, अशी त्याची रचना होती. चित्रातले लहान मूलही मद्य पिताना दिसते म्हणून मद्यपानविरोधी मंडळींनी त्यावर टीका केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की, सुमारे 1,000 प्रतींवरची रेषा शिळाछापाने छापली गेली आणि रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हाताने भरला गेला. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव लिहायला जागा कोरी सोडली होती. आज कोणी काळ्या शाईत ठसा उमटवून आत मार्करने रंग भरतो, तेव्हा कामाची वाटणी तीच असते : रेषा साच्याची, रंग हाताचा. पुढे बॉस्टनच्या लुई प्रँग यांनी 1870 च्या दशकात रंगीत शिळाछपाईची कार्डे बाजारात आणली. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि सगळे दगड एकमेकांवर तंतोतंत बसलेले, अशी ती छपाई होती, आणि तिच्यामुळे रंग भरण्यासाठी हाताची गरज उरली नाही. तरीही घरातले काम थांबले नाही. जोसेफ अ‍ॅडनब्रूक यांनी 1834 च्या सुमारास कागदी जाळी काढण्याची युक्ती शोधली होती. कागदावर साच्याने उठाव घ्यायचा आणि उठलेले टोक कानशीने घासून काढायचे, की तिथे भोक पडते. अशी जाळी आणि जर्मनीतून मोठ्या प्रमाणावर येणारी उठावदार, कापीव रंगीत चित्रे विकत आणून व्हिक्टोरियन काळातली माणसे घरी कार्डे जुळवत आणि वह्या सजवत. म्हणजे विकतच्या भागांतून स्वतःचे कार्ड करणे ही आजची पळवाट नव्हे. ती या छंदाची मूळ रीत आहे.

रबरी ठशाचा उगम मात्र कचेरीतला आहे. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये रबराला गंधक आणि उष्णता देऊन टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली आणि 1844 मध्ये तिचे पेटंट घेतले. 1860 च्या दशकात अमेरिकेत तारखांचे व शिक्क्यांचे रबरी ठसे तयार होऊ लागले. सुरुवातीचे ठसेवाले त्यासाठी दंतवैद्यांची कवळ्या बनवण्याची भांडी वापरत. या शिक्क्याचे घरगुती कलेचे साधन झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1988 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या स्टॅम्पिन अप या कंपनीने घरोघरी प्रात्यक्षिके दाखवून विक्री केली. डायची वाटही अशीच वळणाची. चामड्याचे तळवे कापणाऱ्या जोडेव्यवसायात ती आधी रुजली, 1970 च्या दशकात एलिसन कंपनीच्या यंत्रांमुळे अमेरिकी शाळांत पुठ्ठ्याची अक्षरे कापण्याच्या कामी आली, आणि 2001 मध्ये त्याच कंपनीच्या सिझिक्स यंत्रांबरोबर घरातल्या टेबलावर पोचली.

आता प्रत्यक्ष काम. ठसे दोन प्रकारचे : लाकडावर किंवा फोमवर बसवलेले लाल रबराचे, आणि पारदर्शक फोटोपॉलिमरचे, जे अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याला नुसते चिकटवून वापरतात. नव्या पॉलिमर ठशावर शाई नीट पसरत नाही, तिचे थेंब होऊन ती गोळा होते आणि कागदावर ठिपक्याठिपक्यांची रेषा उमटते. मऊ खोडरबर पृष्ठभागावर हलके फिरवून त्याची चकाकी घालवली की शाई धरते. शाईची निवड ही त्याहून मोठी गोष्ट. पाण्यात विरघळलेल्या रंगाची शाई कागदाच्या तंतूंत शिरते, लवकर वाळते, पण उन्हात फिकी पडू शकते. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात. ते कागदाच्या वर बसतात, वाळायला वेळ घेतात आणि रंग अधिक काळ टिकवतात. ठशाच्या आत जलरंग भरायचा असेल तर बाह्यरेषेची शाई पाण्याला दाद न देणारी हवी. कोपिकसारख्या अल्कोहोल मार्करने रंगवायचे असेल तर गणित उलटते, कारण पाण्यात टिकणाऱ्या काही शाया अल्कोहोलमध्ये विरघळून साऱ्या चित्रावर काळपट ओघळ आणतात. मेमेंटो ही जपानी शाई मार्करखाली टिकते आणि पाण्याने पसरते. हे ज्ञान सामानाच्या पाकिटात येत नाही, सरावानेच हाती येते. गडद निळ्या कागदावरचा पांढरा बर्फ हे नाताळपत्रांचे आवडते दृश्य घ्या. कागदावरून आधी दमट हवा शोषणारी भुकटी फिरवायची, म्हणजे पुढची पूड नको तिथे चिकटत नाही. मग सावकाश वाळणाऱ्या पारदर्शक शाईत ठसा उमटवायचा, त्यावर पांढरी एम्बॉसिंग पूड ओतायची, कागद उभा धरून टिचकीने जादा पूड झटकायची आणि इकडेतिकडे राहिलेले कण कोरड्या कुंचल्याने उचलायचे. हीट गन आधी तापवून घेऊन एका कडेपासून फिरवली की राळेची ती खरखरीत पूड क्षणात वितळते, सपाट होते आणि चकाकते. त्या क्षणी गन पुढे न्यायला हवी. तिथेच रेंगाळली तर वितळलेली राळ कागदात जिरते, उठाव जातो आणि तेलकट डाग तेवढा राहतो.

डायचे काम वरून यांत्रिक दिसते, म्हणून आक्षेप घेणारे बहुधा तिच्याकडेच बोट दाखवतात. घरगुती डाय पातळ पोलादी पत्र्याची, रासायनिक कोरणीने केलेली असते. तिच्या एका बाजूला आकाराची बारीक धार असते. खाली पाट, मग प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर कागद, धार कागदाकडे करून डाय, वर दुसरी पट्टी, असा थर रचून तो उसाच्या चरकासारख्या दोन रुळांतून हाताने काढतात. साध्या चौकटीला एवढे पुरते. हिमकण किंवा हॉलीच्या पानांची जाळी कापायची झाली की दाब सगळीकडे सारखा पडत नाही. मग पट्टीखाली कागदाची किंवा धातूची पातळ भरती घालायची, थर फिरवून पुन्हा काढायचा, कागद आणि डाय यांच्यामध्ये मेणकागद ठेवायचा म्हणजे नाजूक टोके न फाटता सुटतात. तीच डाय कापायच्या पट्टीऐवजी रबरी गादीवर ठेवली तर कापत नाही, उठाव देते. कागदाची जात इथे निर्णायक ठरते. कार्डाच्या बैठकीला 250 ते 300 जीएसएमचा कागद लागतो, आणि तंतूंच्या दिशेला आडवी घडी घातली की जाड कागद हमखास तडकतो. म्हणून आधी घडीची रेघ दाबून घेतात. आपल्याकडे लग्नपत्रिका छापणारे क्रीज मारून मगच घडी घालतात त्याचे कारण हेच. ए4 कागद आडवा अर्धा कापून प्रत्येक तुकडा घडी केला की 105 × 148 मिलिमीटरची दोन कार्डे होतात आणि ती सी6 लिफाफ्यात बसतात. अमेरिकेत कागदाचे माप वेगळे असल्याने तिथले नेहमीचे कार्ड सव्वाचार बाय साडेपाच इंचांचे होते.

हाताचे कसब सर्वांत स्पष्ट दिसते ते अनेक ठशांच्या थरांत. पॉइनसेटियाचे लाल फूल हे अमेरिकी नाताळाचे चिन्ह. मेक्सिकोतले अमेरिकी प्रतिनिधी जोएल रॉबर्ट्स पॉइनसेट यांच्यावरून त्याला नाव पडले. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती रंगीत पाने असतात आणि खरी फुले मध्यभागी बारीक, पिवळी. ठशांच्या चांगल्या संचात आधी सपाट पानाचा, मग छटेचा, मग शिरांचा असे तीन ठसे येतात आणि तिन्ही एकमेकांवर केसभरही न हलता बसावे लागतात. त्यासाठी बिजागरीचे झाकण आणि लोहचुंबक असलेली मिस्टीसारखी पेटी वापरतात. ठसा झाकणाला चिकटलेला, कागद चुंबकाने धरलेला, त्यामुळे पुसट उमटले तर त्याच जागी पुन्हा दाबता येते. प्रँग यांच्या कारखान्यात दगड जुळवणारे कामगार ज्या अडचणीशी झुंजत होते, तीच ही अडचण, पुठ्ठ्याएवढ्या जागेत. पेटी जागा राखते, पण पहिली लालसर छटा किती फिकी घ्यायची, दुसरी शाई पहिली वाळण्याआधी चढवून कडा विरू द्यायच्या की वाळल्यावर चढवून धारदार ठेवायच्या, हे पेटी सांगत नाही. एकच संच दोघांच्या हाती दिला तर दोन वेगळी फुले दिसतात.

ठसे विकणाऱ्या व्यवसायानेही हा फरक आपल्या नियमांत मान्य केला आहे. ठशावरचे चित्र त्याच्या चित्रकाराच्या मालकीचे असते. तरी अनेक कंपन्या ‘एंजल पॉलिसी’ या नावाने अशी मुभा देतात की, ठसा स्वतःच्या हाताने उमटवून केलेली कार्डे छोट्या प्रमाणावर विकता येतील. मात्र तेच चित्र फोटोकॉपीने किंवा संगणकावरून छापून विकता येणार नाही. अटी कंपनीगणिक बदलतात, म्हणून विक्रीआधी त्या वाचायला हव्यात. पण तत्त्व स्पष्ट आहे. दरवेळी नव्याने उमटवलेली छाप आणि यंत्राने काढलेली नक्कल या दोन गोष्टींना चित्राचा मालकच सारखे मानत नाही. विकतच्या ठशाने केलेले काम खरे हस्तकाम नव्हे, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर देता येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो बहुतांशी खरा आहे. यंत्र, डाय, शाईचे डबे यांचा हिशेब मांडला तर दुकानातल्या कार्डांचा गठ्ठा कितीतरी स्वस्त पडतो. काटकसर म्हणून हा छंद सुरू करणाऱ्याची निराशा होईल. पैसे वाचवणे हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय दरवर्षी नवा संच घेण्याचा मोह विक्रेते पद्धतशीरपणे वाढवतात आणि त्यात कसबापेक्षा संग्रह मोठा होतो. तिसरा आक्षेप कचऱ्याचा. चमकी, धातूची पन्नी आणि प्लास्टिकचे मणी लावलेले कार्ड कागदाच्या पुनर्वापरात अडथळा ठरते. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदीचे नियम लागू केले. एम्बॉसिंगची पूडही शेवटी प्लास्टिकच्या जातीची, हे इथे लपवून चालणार नाही. यावरचा उपाय छंदाच्या हाताबाहेरचा नाही : नुसत्या कागदावर शाई आणि कोरडा उठाव एवढ्यावर उत्तम कार्ड होते, आणि पाहणाऱ्याला त्यात कमतरता जाणवत नाही. टपालखातेही तिकडेच ढकलते. ब्रिटनमध्ये 5 मिलिमीटरपेक्षा जाड पाकीट साध्या पत्राच्या दरात जात नाही, आणि अमेरिकेत चौरस लिफाफ्याला जादा आकार पडतो, कारण तो वर्गवारीच्या यंत्रातून नीट सरकत नाही. थरावर थर चढवलेले कार्ड टेबलावर शोभते, प्रवासात मोडते.

भारतात या सामानाचा बराचसा भाग परदेशातून येतो आणि त्याबरोबर परदेशी नाताळही येतो : रॉबिन पक्षी, रेनडिअर, पाइनवर साचलेला बर्फ. इंग्लंडमध्ये रॉबिनला कारण आहे. व्हिक्टोरियन टपालवाले लाल अंगरखा घालत आणि लोक त्यांना त्याच पक्ष्याच्या नावाने ओळखत. गोव्यात किंवा वसईत नाताळ येतो तो घरावर टांगलेल्या कागदी नक्षत्राने आणि अंगणातल्या गोठ्याच्या देखाव्याने. विकतच्या संचात ही दृश्ये मिळाली नाहीत तर खोडरबराच्या वडीवर किंवा लिनोच्या तुकड्यावर ती स्वतः कोरता येतात. अक्षरे उलटी कोरायची एवढे लक्षात ठेवावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी चांगला कागद, एक काळी टिकाऊ शाई आणि एकच ठसा घ्यावा, डायचे यंत्र त्यानंतर. आणि कार्डाच्या पाठीवर आपले नाव व साल पेन्सिलीने लिहावे.